गारव्यात पातळ, उबेत घट्ट

खरवस आपल्यापैकी बहुतेकांनी खाल्लेला असतो. घरात कन्नड बोलणारे त्याला गिण्णु म्हणतात, आणि तिकडे सुरतेकडे त्यालाच बळी म्हणतात. चीक पातळ असतो, वाफेवर ठेवला की घट्ट होतो. चायना ग्रासचे बरोबर उलटे. ते गरम असताना पातळ, गार झाले की जमते. खरवस मात्र एकदा जमला की फ्रीजमध्ये ठेवूनही पुन्हा पातळ होत नाही. आता असा पदार्थ डोळ्यांपुढे आणा, जो फ्रीजमध्ये पाण्यासारखा, अंगाच्या उबेने घट्ट, आणि गार केला की पुन्हा पातळ! असे पदार्थ खरोखर आहेत. भरपूर पाणी धरून ठेवणाऱ्या अशा जेलींना हायड्रोजेल म्हणतात, आणि त्यांतले काही सुईने किंवा नळीने शरीरात सोडता येतात.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो चलथाणहून. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे, उसाच्या पट्ट्यातले हे गाव. माझी अक्का तिथे राहते. भावोजी साखर कारखान्यात पॅनमन होते. सारी नोकरी उभ्याने गेली, आता गुडघे बोलू लागले आहेत. तिथल्या एका दवाखान्यात त्यांना सांगितले गेले, "जेलचं इंजेक्शन घ्या, आत जाऊन झिजलेली गादी भरून येईल." खर्चाचा आकडा ऐकून अक्काने मला फोन केला, "तू कॉलेजात आहेस, विचार की गं कुणाला तरी." मी शिकवते मराठी. पण स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राचे सर माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसतात, त्यामुळे सोय झाली.

सरांनी समजावले ते असे. या पदार्थांचे रेणू म्हणजे लांब साखळ्या. साखळीचा काही भाग पाण्याशी मैत्री करणारा, काही तेलासारखा, पाण्यापासून दूर पळणारा. गारव्यात पाण्याचे कण त्या पळपुट्या भागांभोवतीही शिस्तीत कडे करून उभे असतात आणि साखळी विरघळलेली राहते. ऊब लागली की कडे मोडते, पळपुटे भाग एकमेकांना बिलगतात आणि द्रव घट्ट होतो. एका प्रसिद्ध पॉलिमरच्या बाबतीत हे सुमारे ३२ अंश सेल्सिअसला घडते. आपल्या अंगाचे तापमान ३७! भावोजींना हे फोनवर सांगितले तर ते म्हणाले, "आमच्याकडे रस थंड होताना दाणा वाढतो. हे तर उलटंच की!" माझ्या सगळ्या श्रोत्यांत नेमका मुद्दा त्यांनीच पकडला.

या संशोधनाला आपल्याकडचाही हात लागला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि डॉ. मनोहर बडिगेर यांनी उष्णतेला प्रतिसाद देणाऱ्या जेलींचा अभ्यास केला. १९९८ साली त्यांचा एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. बडिगेर हे आडनाव आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

औषध म्हणूनही ही युक्ती वापरात आली आहे. मूत्रपिंडाजवळच्या मूत्रमार्गातल्या एका प्रकारच्या कर्करोगावर अशा जेलीत मिसळलेल्या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये परवानगी मिळाली. नुसते पातळ औषध लघवीबरोबर लगेच वाहून जाते. हे गार करून नळीने सोडतात, ते आत घट्ट होऊन काही तास टिकते आणि हळूहळू विरघळते. अडचणीही आहेतच. घट्ट होण्याची वेळ चुकली तर औषध नळीतच अडकते. काही जेली शरीरात फार लवकर विरतात, तर काही विरतच नाहीत. आणि मे महिन्यात पेटीतला बर्फ वितळला तर औषध बाटलीतच जमून बसायचे!

राहिला गुडघा. भावोजींना मी म्हटले, "इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून घ्या." नाव निघाले सोडियम हायलुरोनेट. म्हणजे सांध्यातल्या नैसर्गिक वंगणासारखा एक चिकट द्रव. तो उबेने घट्ट होणारा नव्हे, आणि त्याने गादी नव्याने उगवते असे सिद्ध झालेले नाही. काहींना त्याने वेदना कमी झाल्यासारखे वाटते. तरीही अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेवर त्याचा सरसकट वापर करू नये असेच म्हटले आहे. कूर्चा भरून यावी म्हणून उबेने जमणाऱ्या जेलींवर काम जरूर चालू आहे. कोळंबीच्या कवचातून मिळणाऱ्या कायटोसानपासून तशी एक जेल कॅनडातल्या संशोधकांनी २००० साली मांडली होती. पण असे प्रयत्न मुख्यतः कूर्चेला पडलेल्या छोट्या खड्ड्यांसाठी आहेत. साऱ्या आयुष्याची झीज ही वेगळीच गोष्ट.

हे सगळे ऐकून भावोजींनी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतला. त्यांनी वजन उतरवायला आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करायला सांगितले आहे. रोज सकाळी खुर्चीवर बसून ते एकेक पाय सरळ करून धरतात आणि अक्का समोर बसून आकडे मोजते, कन्नडमध्ये.