कोष्टकाची फेरी

पातूरच्या बाजारांत दुकानें मोजणारा एक कारकून कल्पनेंत आणा. नुकत्याच मोजलेल्या दुकानाच्या पाटीवरून तो पुढचें दुकान शोधतो. ती पाटीच बदलली, तर तो वाट चुकणारच.

१९९३ सालीं ब्राझीलमध्यें जन्मलेल्या लुआ भाषेंत हेंच घडतें. तिच्या कोष्टकांतील प्रत्येक नोंद म्हणजे किल्ली व मूल्य यांची जोडी. सी भाषेंतील प्रोग्रॅम दरवेळीं मागील किल्ली दाखवून पुढील जोडी मागतो. अंकरूप किल्लीचेंच अक्षरांत रूपांतर केलें, तर फेरी बिघडते. यास्तव रूपांतर नकलेचें करावें, मूळ किल्ली जपावी. फेरी चालूं असतां जुनी नोंद बदलण्यास वा काढण्यास हरकत नाहीं. नवी घातल्यास मात्र पुढें काय होईल, याची हमी भाषा देत नाहीं.