रानातल्या पाखरांची बेगमी

पाऊस तोंडावर आला की आपली बेगमीची घाई सुरू होते. आमसुलं, सुकी मासळी, चुलीची लाकडं. एका साली आंबा भरभरून येतो, पुढच्या साली मोहोरच गळतो. आपण साठवणीतून निभावतो. पाखरं काय करत असतील?

इंग्लंडसारख्या थंड देशात ओक नावाचं मोठं झाड असतं. त्याची कडक सालीची फळं एखाद्या साली ढीगभर पडतात, एखाद्या साली नावालाच. तिथला 'जे' पक्षी शरदात अशी हजारो फळं एकेक करून मातीत पुरतो आणि हिवाळाभर उकरून खातो. विसरलेल्या फळांची झाडं उगवतात. पीक फसलं, तर मात्र रान सोडावं लागतं. १९८३च्या शरदात असंच झालं, आणि या पक्ष्यांचे थवेच्या थवे दक्षिण इंग्लंडात उतरले.

आपल्याकडे वड, उंबर, नांद्रुक यांची फळं मऊ. पुरली तर कुजणार. म्हणून आपला धनेश, हरियाल साठवत नाहीत, फिरतात. फिरून मिळतं, कारण ही झाडं एकदम फळत नाहीत. पाणंदीतला उंबर आज लाल, तर देवळामागचा दोन महिन्यांनी. याचं कारण उंबर फोडल्यावर दिसणारे ते बारीक किडे. आपण नाक मुरडतो, पण त्यांच्यामुळेच उंबरात बी धरतं. ते जगतात जेमतेम एक-दोन दिवस. एका झाडातून निघाले की अंडी घालायला त्यांना लगेच दुसऱ्या झाडाची कोवळी फळं लागतात. सगळी झाडं एकाच वेळी पिकली असती, तर त्यांचा वंश कधीच बुडाला असता.

उन्हाळ्यात धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आपल्याच विष्ठेनं लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना आत असते, ही दोन-तीन महिने. नर गळ्यात फळं भरून आणतो आणि एकेक वर काढून तिला देतो. मधूनमधून सरडा, किडाही. अशा वेळी जवळचा पिकलेला वड पडला, तर त्याला लांब जावं लागतं. फेऱ्या कमी होतात, आत पिल्लं उपाशी.

कोकणात पुष्कळ रान खाजगी आहे. ठेकेदार आला की सगळं एकदम तुटतं. पोकळ झाड तर "काय कामाचं?" म्हणून आधी. उंबराला दत्तगुरूंमुळे कुऱ्हाड लागत नाही, नांद्रुकाला मात्र कुणी वाली नाही. तोडीचा सौदा बहुतेक घरांत पुरुष करतात, पण कुठलं झाड कधी पिकतं, ढोली कुठे आहे, हे फाट्यांना जाणाऱ्या आपल्यालाच ठाऊक असतं. सौद्याच्या आधी एकदा गटानं रानात जाऊन अशा झाडांना चुन्याचा पट्टा मारा, आणि पट्ट्याची झाडं सौद्यात नाहीत, हे कागदावर लिहून घ्यायला सांगा.