सामाईक भिंतींची वस्ती : फिलाडेल्फियातील सोसायटी हिल

डेलावेअर नदीच्या पश्चिम काठालगत, वॉलनट आणि लोंबार्ड या दोन रस्त्यांच्या दरम्यान फिलाडेल्फियाची सोसायटी हिल ही जुनी वस्ती आहे. शहराचा संस्थापक विल्यम पेन याने इथली जमीन ‘फ्री सोसायटी ऑफ ट्रेडर्स’ या व्यापारी कंपनीला दिली होती. कंपनी लवकरच बुडाली, नाव तेवढे मागे राहिले. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातली विटांची घरे इथे एकमेकांना खेटून, सलग रांगेत उभी आहेत. फिलाडेल्फियात निम्म्याहून अधिक घरे अशी रांगेतलीच आहेत. मात्र इतकी जुनी आणि इतकी सलग रांग शहरात इतरत्र फारशी नाही.

पेनच्या मनात असले काही नव्हते. १६८२ मध्ये शहराची आखणी झाली तेव्हा लंडनमधली १६६५ ची प्लेगची साथ आणि १६६६ ची आग लोक विसरले नव्हते. म्हणून प्रत्येक घर आपल्या जागेच्या मधोमध असावे, भोवती बाग असावी, म्हणजे आग एका घरावरून दुसऱ्यावर जाणार नाही, अशी त्याची कल्पना होती. टॉमस होम याने आखलेल्या नकाशात दोन मुख्य रस्ते शंभर फुटांचे, बाकीचे बहुतेक पन्नास फुटांचे आणि पाच मोकळी मैदाने होती. शहर डेलावेअरपासून स्कूलकिल नदीपर्यंत पसरायचे होते.

वसाहतीला आलेल्या माणसाला मात्र बंदराजवळ राहायचे होते. पोट तिथेच भरत होते. स्कूलकिलकडची जमीन दीर्घकाळ रिकामी राहिली आणि डेलावेअरकाठच्या जमिनीचे मालक आपले प्रशस्त भूखंड कापून विकू लागले. मोठ्या चौकांच्या पोटात बोळ काढले गेले आणि बोळांच्या दोन्ही बाजूंना अरुंद घरे उभी राहिली. आज पर्यटक ज्या गल्ल्यांची छायाचित्रे काढतात त्या नगररचनेतून नव्हे, जमिनीच्या हावेतून निर्माण झाल्या. वस्तीच्या उत्तरेला, जवळच असलेली एल्फ्रेथ्स अ‍ॅली ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी निघालेल्या या गल्लीत बत्तीस घरे आहेत. दोन घरांत संग्रहालय आहे, उरलेल्यांत माणसे राहतात.

घरांचे आकार उत्पन्नाप्रमाणे ठरले. तिसऱ्या रस्त्यावरचे १७६५ चे पॉवेल हाउस हे श्रीमंत घराचे उदाहरण. त्याचा मालक सॅम्युएल पॉवेल हा ब्रिटिश अमलातला शहराचा शेवटचा महापौर आणि स्वातंत्र्यानंतरचा पहिला. आतली दालने थाटाची असली, तरी रस्त्यावरून पाहिले तर हे घरही रांगेतलेच. दुसऱ्या टोकाला कारागिरांची ‘ट्रिनिटी’ घरे होती. त्यांत तीन मजले, प्रत्येक मजल्यावर एकच खोली, खाली तळघरात स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात गोल फिरत वर जाणारा चिंचोळा जिना. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रयीवरून गमतीने पडलेले हे नाव आता घरविक्रीच्या जाहिरातींत राजरोस छापले जाते. या जिन्यावरून मोठा पलंग वर जात नाही. तो सुटा करावा लागतो किंवा खिडकीतून चढवावा लागतो.

मोठी घरे मुख्य रस्त्यांवर आणि ट्रिनिटी मागच्या बोळांत, त्यामुळे व्यापारी, सुतार, खलाशी आणि धोबिणी एकाच चौकात राहत. बाजारही जवळच होता. दुसऱ्या रस्त्याच्या मधोमध १७४५ मध्ये मंडई सुरू झाली आणि तिच्या तोंडाशी १८०४ मध्ये हेड हाउस उभे राहिले. ही वस्ती पायी फिरण्याजोगी आहे याचे आज कौतुक होते. त्या काळी पायी जाण्याला बहुतेकांकडे पर्यायच नव्हता.

रांगेतल्या घराचे सगळे शास्त्र सामाईक भिंतीत आहे. तुळया दर्शनी भिंतीवर नव्हे, या बाजूच्या भिंतींवर टेकतात, म्हणून घराची रुंदी लाकडाच्या लांबीने ठरते. ती साधारण सोळा ते वीस फूट असते. दोन बाजू बंद असल्याने उजेड आणि वारा पुढून आणि मागूनच येतो. हिवाळ्यात शेजारच्या घराची ऊब मिळते, तशी त्याची भांडणेही ऐकू येतात. मधले एक घर पाडले तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या आजवर झाकलेल्या भिंती पावसात उघड्या पडतात.

आगीची भीती तर कायमचीच. बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७५२ मध्ये विमा संस्था स्थापली. चार हातांच्या गुंफणीचे तिचे चिन्ह अजून कित्येक दर्शनी भिंतींवर दिसते. पुढे या संस्थेने दारात झाड असलेल्या घराचा विमा उतरवायचे नाकारले, कारण आग विझवताना झाडे आड येत. सावली सोडायला तयार नसलेल्यांनी १७८४ मध्ये दुसरी संस्था काढली आणि चिन्ह घेतले हिरव्या झाडाचे. आजच्या गर्द सावलीच्या रस्त्यांमागे हा वादही आहे.

एकोणिसाव्या शतकात सधन कुटुंबे पश्चिमेकडे सरकली. मोठ्या घरांच्या खोल्या सुट्या भाड्याने गेल्या, तळमजल्यांवर दुकाने आणि कारखाने आले. डॉक स्ट्रीटचा भाजी-मासळीचा घाऊक बाजार रात्रभर गजबजलेला असे. मात्र या काळाला नुसती पडझड म्हणणे बरोबर नाही. युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची आणि कृष्णवर्णीयांची ही भरलेली वस्ती होती. सहावा रस्ता आणि लोंबार्ड यांच्या कोपऱ्यावर कृष्णवर्णीय धर्मोपदेशक रिचर्ड अ‍ॅलन यांनी १७९४ मध्ये उभारलेले मदर बेथेल चर्च आजही त्याच जागेवर आहे. इमारत नंतरची, जमीन तीच. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १८९९ च्या ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ या ग्रंथासाठी अभ्यासलेला सातवा वॉर्ड इथूनच पश्चिमेला सुरू होई.

दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक अमेरिकन शहरांनी जुन्या वस्त्या सरसकट पाडल्या. इथे वेगळा मार्ग निघाला. १९४९ ते १९७० या काळात नियोजन आयोगाचे प्रमुख असलेले एडमंड बेकन यांनी घरे राखायची आणि मधली विसंगत बांधकामे तेवढी काढायची असे धोरण ठेवले. घाऊक बाजार १९५९ मध्ये शहराच्या दक्षिण भागात हलवण्यात आला आणि त्या जागी १९६४ मध्ये आय. एम. पेई यांचे एकतीस मजली तीन मनोरे उभे राहिले. चौकांच्या आतून विटांच्या पायवाटा आणि छोट्या बागा काढून चर्चे आणि घरे जोडण्यात आली. त्या वाटांवर मोटारीला प्रवेशच नाही. बेकन यांचे सर्वांत टिकाऊ काम बहुधा हेच.

घरांसाठी अट कडक होती. पुनर्विकास प्राधिकरण घर ताब्यात घेई आणि ठरल्याप्रमाणे बाह्यरूप पूर्ववत करून देणाऱ्याला विकी. जुन्या मालकालाही हा करार करता येई, पण खर्च झेपला नाही तर घर जाई. भाडेकरूंच्या हाती तेवढेही नव्हते. विस्थापितांसाठी परवडणारी काही घरे बांधायचे पुढे घाटू लागले, तेव्हा नव्याने आलेल्या रहिवाशांपैकी काहींनी त्याला विरोध केला. पुनर्स्थापना करताना एकोणिसाव्या शतकातले दुकानांचे दर्शनी भाग आणि वाढीव बांधकामे काढून अठरावे शतक पुन्हा उभे करण्यात आले. म्हणजे इतिहास राखला, पण निवडून.

हमरस्त्यांचे संकट मात्र या वस्तीवरही आले. नदीकाठाने आलेल्या आय-९५ महामार्गाने तिला पाण्यापासून तोडले. दक्षिणेकडे साउथ स्ट्रीटवरून जाणारा क्रॉसटाउन एक्स्प्रेसवे लोकांच्या विरोधामुळे सत्तरच्या दशकात रद्द झाला. त्याच्या धास्तीने तिथली भाडी आधीच उतरली होती. स्वस्त गाळ्यांत कलावंत आले, छोटी दुकाने आणि खानावळी निघाल्या आणि जो रस्ता पुसला जाणार होता तोच गजबजून गेला.

आज इथे राहायचे तर हौसेबरोबर चिकाटीही लागते. १९९९ पासून शहराच्या नोंदीतला हा ऐतिहासिक विभाग असल्याने खिडकी, दार किंवा छप्पर बदलण्याआधी ऐतिहासिक आयोगाची मान्यता घ्यावी लागते. तळमजल्याला भरीव फळ्यांच्या आणि वरच्या मजल्यांना पट्ट्यांच्या झडपा ही जुनी पद्धत जपली जाते. जुनी वीट मऊ असते. तिच्या दरजा सिमेंटने भरल्या तर ओल आत अडकते आणि वीटच फुटू लागते, म्हणून चुनाच वापरावा लागतो. काही घरांच्या वरच्या खिडकीबाहेर अजून तिरपे आरसे आहेत. खाली दाराशी कोण आले ते जिना न उतरता दिसावे यासाठीची ही सोय, आणि तिचे श्रेय लोक फ्रँकलिनला देतात.

गाडी ठेवायला जागा नाही, हे रोजचे रडगाणे. रस्त्यावर उभी करायला रहिवासी परवाना मिळतो, जागेची हमी मिळत नाही. विटांचे पदपथ झाडांच्या मुळांनी वरखाली झाले आहेत. काठी टेकत चालणाऱ्यांचे आणि चाकाच्या खुर्चीवरच्यांचे तिथे हाल होतात. दाराच्या दोन-तीन पायऱ्या आणि आतले उभे जिने यांमुळे उतारवयात काहीजण घर विकून त्याच वस्तीतल्या पेईंच्या मनोऱ्यांत राहायला जातात, कारण तिथे लिफ्ट आहे. कार्यालये, वॉशिंग्टन स्क्वेअर, रुग्णालय आणि मंडई पायी काही मिनिटांवर असल्याने अनेक कुटुंबांचे गाडीवाचून भागते. घरांच्या किमती मात्र अशा, की ज्या सुतार-खलाशांसाठी ट्रिनिटी बांधल्या, त्यांच्या धंद्यातल्या आजच्या माणसाला त्यांतली एक विकत घेणे अवघड आहे.