हजरच्या डोंगरातली बोरं

संयुक्त अरब अमिरातीच्या पूर्वेकडची हजर डोंगररांग पुढे ओमानमध्ये जाते. तिच्या कोरड्या ओढ्यांच्या पात्रांत सिद्रची काटेरी झाडं दिसतात. सिद्र ही आपल्या बोरीचीच जवळची नातलग. फळं लहान, गोडसर. माणसंही खातात, शेळ्याही. कडक उन्हाळा आणि पाण्याची टंचाई सोसणारा असा रानवाण गमावणं आज कुणालाच परवडणारं नाही.

तो जपायचा तर एका गोड झाडाचं बी आणून भागत नाही. वेगवेगळ्या जागच्या अनेक झाडांचं बी गोळा करावं लागतं, आणि प्रत्येक नमुन्याबरोबर ठिकाण, उंची, माती यांची नोंद हवी. नोंदीविना आलेलं बी मला निम्मं हरवल्यासारखंच वाटतं. मग ते सुकवून उणे १८ अंशांना ठेवतात. दुबईत १९९९ साली सुरू झालेल्या जैवक्षारीय कृषी केंद्राच्या बियाणे पेढीत क्षार आणि दुष्काळ सोसणाऱ्या वनस्पतींचे हजारो नमुने आहेत. खजुराच्या निवडक जातींना मात्र पेढी पुरत नाही. बियांपासून आलेली रोपं आईसारखी निपजत नाहीत, सुमारे निम्मी नर निघतात. म्हणून त्या जाती फुटव्यांतून जिवंत बागांत राखाव्या लागतात.

बी सीमेपलीकडे न्यायचं तर १९९२च्या जैवविविधता करारानुसार मूळ देशाची संमती लागते. २००१च्या अन्न-शेती वनस्पती करारात सुलभ देवघेवीची यादी आहे. तिच्यात सफरचंद, केळी, लिंबूवर्गीय फळं आहेत. खजूर आणि बोर नाहीत. वाळवंटी देशांच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे आणि ती भरून निघायलाच हवी.