पाठांतर हवं आणि हाताने शिकणंही: धार-देवासच्या शिक्षकांसाठी

अभिजात शिक्षण म्हणजे पाठांतर, व्याकरण, जुने ग्रंथ. माँटेसरी म्हणजे हाताळून, आपल्या गतीने शिकणं. छोट्या ख्रिस्ती शाळेत या दोन्हींचा मेळ बसतो का? मला वाटतं, उत्तम बसतो. याचं जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे.

रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या, तेही तोंडी. सगळं भागवत त्यांना पाठ होतं. 1883 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या, तिथे फ्रोबेलची बालवाडी पद्धत (तीही हाताळून शिकण्याचीच) शिकल्या आणि 1889 मध्ये मुंबईत काढलेल्या शारदा सदन या शाळेत ती आणली. माँटेसरीबाईंचं रोममधलं पहिलं बालगृह 1907 चं, म्हणजे त्यानंतर 18 वर्षांनी! पुढे याच रमाबाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून बायबल मराठीत आणलं. एकाच बाईच्या ठायी दोन्ही परंपरा होत्या.

आणि धारकरांनो, तुमच्याकडे तर दगडातच नमुना आहे. भोजशाळा-कमाल मौला परिसरातल्या सर्पबंध शिलालेखांत परमारकाळातली संस्कृत वर्णमाला आणि क्रियापदांचे प्रत्यय नागाच्या वेटोळ्यांत कोरलेले आहेत. व्याकरण डोळ्यांना दिसावं, हीच ती युक्ती. माँटेसरी वर्गात नामाला काळा त्रिकोण आणि क्रियापदाला लाल वर्तुळ असतं, तेही याचसाठी.

शिक्षकांनो, पुठ्ठ्याचे असे त्रिकोण-वर्तुळं कापा आणि मुलांना पाठ असलेल्या एखाद्या स्तोत्राच्या ओळीवर ठेवायला सांगा. खर्च जवळजवळ शून्य. करून पाहा आणि मुलं काय म्हणाली ते खाली नक्की लिहा.