विश्लेषण : आठ बाळे आणि तिघांचा डीएनए… मायटोकॉन्ड्रियाचा वारसा फक्त आईकडूनच का येतो?

ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे विशेष आयव्हीएफ तंत्राने आठ बाळांचा जन्म झाल्याचे जुलै २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जाहीर करण्यात आले. सात महिलांना चार मुली आणि चार मुलगे झाले, त्यात एक एकसारख्या जुळ्यांची जोडी आहे. या सर्व महिलांच्या मायटोकॉन्ड्रियात असा दोष होता, की तो बाळात गेला असता तर मेंदू, हृदय, स्नायू यांपैकी काहीही निकामी होऊ शकले असते. 'तीन पालकांची बाळे' असे मथळे जगभर झळकले. पण मूळ प्रश्न मागेच राहिला. हा दोष फक्त आईकडूनच का येतो? आणि एकाच आईचे एक मूल ठणठणीत, तर दुसरे गंभीर आजारी का होते?

मायटोकॉन्ड्रियल डीएनए म्हणजे काय?

आपला बहुतेक डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो. त्यात सुमारे २० हजार जनुके असून निम्मा वाटा आईचा, निम्मा वडिलांचा. मात्र अन्नातून ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाकडे (शालेय पुस्तकातली तंतुकणिका) स्वतःचा छोटासा वेगळा डीएनए आहे. तो गोल कड्यासारखा असतो, त्यात १६,५६९ अक्षरजोड्या आणि अवघी ३७ जनुके आहेत. केंब्रिजमधील शास्त्रज्ञांनी १९८१ मध्येच तो पूर्ण वाचून काढला होता. केंद्रकातील डीएनएच्या पेशीत दोनच प्रती असतात. याच्या मात्र शेकडो, हजारो. परिपक्व स्त्रीबीजात तर हा आकडा लाखाच्या पुढे जातो.

वडिलांचा वाटा कुठे जातो?

शुक्राणूलाही पोहण्यासाठी ऊर्जा लागते, त्यामुळे त्याच्याकडे मायटोकॉन्ड्रिया असतात. वर्षानुवर्षे असे मानले जाई, की फलनानंतर स्त्रीबीज ते शोधून नष्ट करते. अनेक प्राण्यांत तसे घडतेही. पण २०२३ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मधील अभ्यासाने वेगळी बाजू दाखवली : माणसाच्या परिपक्व शुक्राणूतील मायटोकॉन्ड्रियात अखंड डीएनए जवळपास नसतोच. म्हणजे वडिलांचे पाकीट पोहोचते, पण आत पत्र नसते.

२०१८ मध्ये काही कुटुंबांत वडिलांकडूनही हा डीएनए आल्याचा दावा झाला आणि खळबळ उडाली. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी दाखवले, की केंद्रकातील डीएनएमध्ये मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे जुने तुकडे अडकलेले असतात आणि चाचणीत ते वडिलांच्या वारशासारखे भासू शकतात.

नात्यांच्या भाषेत सांगायचे, तर तुमचा, तुमच्या आईचा, आजीचा, मावशीचा आणि मावशीच्या मुलांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए एकच. मामाकडेही तोच. पण मामाच्या मुलांकडे नाही, त्यांच्याकडे मामीचा.

मग एकाच आईची मुले वेगळी का?

इथे खरी गुंतागुंत आहे. आईच्या पेशीत या डीएनएच्या सगळ्या प्रती सारख्या नसतात. काही चांगल्या, काही सदोष. ज्वारीच्या पोत्यात खडे मिसळले आहेत असे समजा. पोते भरून बाजूच्या पोत्यात ओतले, तर खड्यांचे प्रमाण तेच राहील. पण एकच मूठ काढली आणि तिच्यापासून नवे पोते भरायचे ठरवले, तर त्या मुठीत किती खडे आले यावर सगळे अवलंबून.

स्त्रीबीज तयार होताना नेमके हेच घडते. मुलगी गर्भात असतानाच तिची बीजे घडू लागतात. त्या अगदी सुरुवातीच्या पेशींत या डीएनएच्या प्रती खूप कमी होतात आणि नंतर त्यांचीच संख्या लाखांवर नेली जाते. या टप्प्याला शास्त्रज्ञ 'बाटलीचा गळा' म्हणतात. त्यामुळे एका बीजात सदोष प्रती ५ टक्के, तर शेजारच्या बीजात ७० टक्के असू शकतात. साधारणपणे हे प्रमाण ६० ते ८० टक्क्यांच्या वर गेले की आजाराची लक्षणे दिसू लागतात. म्हणूनच स्वतः धडधाकट असलेल्या आईचे बाळ दगावू शकते, आणि दोष कुणाचा यावर घरात वाद घालण्यात अर्थ नसतो. साधारण पाच हजारांत एकाला मायटोकॉन्ड्रियाचा आजार असतो, असा अंदाज आहे. मात्र यातले सगळेच आईकडून येत नाहीत. मायटोकॉन्ड्रिया चालवणारी बरीचशी जनुके केंद्रकात असतात आणि त्यातला दोष दोन्हीकडून येऊ शकतो.

वाढत्या वयाचा परिणाम होतो का?

वय वाढते तसे शरीराच्या पेशींत या डीएनएचे बिघाड साठत जातात. बीजातही तसेच होत असणार, असा समज होता. 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या अभ्यासाने तो खोडला. २० ते ४२ वर्षांच्या २२ महिलांची रक्त, लाळ आणि स्त्रीबीजे तपासली गेली. रक्त आणि लाळेत वयानुसार बिघाड वाढले होते, स्त्रीबीजांत वाढले नव्हते. बार्सिलोनातील संशोधकांनी २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलेला मुद्दा इथे जुळतो : वर्षानुवर्षे सुप्त राहणारे बीज ऊर्जानिर्मितीचा एक मुख्य भाग बंदच ठेवते, त्यामुळे घातक रसायने कमी तयार होतात. वापरात नसलेली मोटार बॅटरीची तार काढून ठेवावी, तसे काहीसे.

यावरून 'उशिरा मूल झाले तरी चालते' असा अर्थ काढला जाईल, पण तो चुकीचा ठरेल. वयानुसार वाढणारा डाऊन सिंड्रोमचा धोका गुणसूत्रांच्या वाटणीतील चुकीमुळे येतो, त्याचा या अभ्यासाशी संबंध नाही. शिवाय २२ महिलांचा हा गट लहान आहे.

न्यूकॅसलमध्ये नेमके काय केले?

आईचे बीज आणि निरोगी दात्या महिलेचे बीज, दोन्ही वडिलांच्या शुक्राणूंनी फलित केली. त्यानंतर काही तासांनी आई-वडिलांचा केंद्रकीय डीएनए अलगद उचलून, आधीच रिकाम्या केलेल्या दात्याच्या बीजात ठेवला. बाळाचा रंग, उंची, नाक-डोळे आई-वडिलांचेच. दात्याची फक्त ती ३७ जनुके, म्हणजे एकूण डीएनएच्या ०.१ टक्क्याच्या आसपास. त्यामुळे 'तीन पालक' हा शब्द मथळ्याला बरा, पण ब्रिटिश कायद्यानुसार दात्या महिलेला पालकत्वाचा कोणताही हक्क नाही. ब्रिटिश संसदेने याला २०१५ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा कनिष्ठ सभागृहात ३८२ विरुद्ध १२८ मते पडली होती.

या पद्धतीचा उपचार २२ महिलांवर झाला. आठही बाळे निरोगी जन्मली. काहींना नंतर किरकोळ ते मध्यम तक्रारी झाल्या, एकाच्या हृदयाचे ठोके अनियमित होते, पण उपचारांनी त्या आटोक्यात आल्या.

धोका पूर्ण टळला का?

नाही. केंद्रक उचलताना आईचे थोडे मायटोकॉन्ड्रिया सोबत येतातच. पाच बाळांत ते सापडण्याइतकेही नव्हते, उरलेल्या तिघांत प्रमाण ५, १२ आणि १६ टक्के होते. हे आजाराच्या पातळीच्या खूप खाली आहे. पण ते वाढूही शकते. ग्रीसमध्ये वंध्यत्वावरील उपचारासाठी अशाच तंत्राने सहा मुले जन्मली, त्यांतील एकात आईच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे प्रमाण ३० ते ६० टक्क्यांवर गेले होते. तिथे आईला मायटोकॉन्ड्रियाचा आजार नव्हता म्हणून बाळाला धोका झाला नाही. हे नेमके का होते, याचे समाधानकारक उत्तर अजून कुणाकडे नाही. त्यामुळे न्यूकॅसलचे डॉक्टर 'आजार टाळला' असे न म्हणता 'धोका कमी केला' असेच म्हणतात.

अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये सुचवले होते, की सुरुवातीला या तंत्राने फक्त मुलगेच जन्माला घालावेत, कारण ते हा डीएनए पुढे देत नाहीत. ब्रिटनने ती अट घातली नाही. आज त्या आठ बाळांत चार मुली आहेत, आणि त्यांची सगळी स्त्रीबीजे जन्माआधीच घडली आहेत. त्यांत आईच्या मूळ मायटोकॉन्ड्रियाची किती मूठ गेली आहे, हे त्यांना स्वतःची मुले हवी असतील तेव्हा तपासावे लागेल.