जुनी गाडी घेताना : आधी कागद, मग चावी

कुटुंबासाठी गाडी घ्यायची म्हटली की आता बहुतेक घरांत चार मीटरच्या आत बसणारी उंच गाडी, म्हणजे छोटी एसयूव्ही, आधी आठवते. त्याला कारणे आहेत. पावसाळ्यातल्या खड्ड्यांत तिचा तळ घासत नाही. गुडघेदुखीने बेजार झालेल्या अम्मीला वाकून आत शिरावे लागत नाही. नव्या गाडीची किंमत मात्र झेपत नाही आणि व्याजाचे कर्जही नको असते. म्हणून साठवलेल्या पैशांत जुनी गाडी शोधली जाते.

पुष्कळदा हे पैसे आखातात काम करणाऱ्या भावाने किंवा मुलाने पाठवलेले असतात. तो व्हॉट्सअॅपवर फोटो पाहतो, "छान दिसते, घेऊन टाका" म्हणतो आणि त्याची दोन-तीन वर्षांची बचत एका दिवसात दुसऱ्याच्या हाती जाते. अशा घरांसाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. सांगायचे ते एवढेच : गाडी पैसे दिल्याने आपली होत नाही, नाव बदलल्याने होते.

कोणते मॉडेल, कोणते साल

बाजारात साधारणपणे मारुती ब्रेझा, टाटा नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, महिंद्रा एक्सयूव्ही ३००, किया सोनेट आणि फोर्ड इकोस्पोर्ट या गाड्या दिसतात. त्यांतले फरक माहीत असावेत. २०१६ साली आलेली ब्रेझा फक्त डिझेलवर चालणारी होती. २०२० पासून ती पेट्रोलवर आली. नेक्सॉन २०१७ ची. २०१८ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला पाच तारे मिळाले. एक्सयूव्ही ३०० नेही पुढे पाच तारे मिळवले. इकोस्पोर्ट चालवायला दमदार आणि जुन्या बाजारात स्वस्त. पण फोर्डने २०२१ साली भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. ती घेण्याआधी जवळचे सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते पाहा.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ नियम लागू झाले. या नियमानंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. रोज शाळा, बाजार आणि दवाखाना एवढेच चार-पाच किलोमीटर फिरणे असेल तर ती गाळणी तुंबते आणि खर्च वाढतो. असा वापर असणाऱ्यांनी पेट्रोलच घ्यावी.

एअरबॅग मोजून पाहा. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या आसनाची २०२१ अखेरपासून सर्व नव्या गाड्यांत सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त प्रकारांत एकच असू शकते.

भाव ठरवताना नव्या गाडीचा आजचा भाव आधी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या त्यात येतात. जुन्या गाडीचा मालक त्याच्या खरेदीच्या वेळचा भाव सांगत असेल, तर तो हिशेब आता लागू नाही.

कागद आधी

गाडी पाहायला जाण्यापूर्वी नंबर मागून घ्या. एम-परिवहन अॅपवर नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा ही माहिती मिळते. ई-चलानच्या संकेतस्थळावर थकलेला दंड दिसतो. मग मूळ आरसी हातात घ्या आणि तिच्यावरचा चॅसिस व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः जुळवा. विकणारा आणि आरसीवरचा मालक एकच आहे का, तेही पाहा. "मालक माझा साडू आहे, सही आणून देतो" असे उत्तर आले तर त्या साडूला समोर बोलवा.

कर्ज फिटले असे मालक म्हणत असला तरी आरसीवर बोजा दिसत असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. बोजा उतरल्याशिवाय विसार देऊ नये.

दिल्लीच्या नंबरच्या डिझेल गाड्या आपल्याकडे स्वस्तात दाखवल्या जातात. तिकडे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर निघाल्या. मात्र परराज्यातली गाडी इथे नोंदवताना तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्राचा रस्ता कर लागतो. तो खर्च मिळवला की स्वस्ताई बरीचशी विरते.

गाडी उजेडात पाहा

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. मालकाला "आधी सुरू करून ठेवू नका" असे सांगा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता असते. दरवाजे आणि बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडाला आहे का? तसे असेल तर गाडी ठोकून दुरुस्त केलेली असू शकते.

टायरवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर ३० हजार किलोमीटर दाखवते आणि पॅडलचे रबर मात्र गुळगुळीत झाले आहे, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसच्या नोंदी मागा.

कोकणातल्या वाचकांनी पुराच्या गाडीपासून विशेष जपावे. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर पाण्याखाली गेले. बुडालेली गाडी धुऊन-पुसून नवी दिसते, पण वायरिंग आतून कुजत राहते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ आहे का पाहा. स्टेपनीचा खड्डा आणि गालिच्याखालचा पत्रा तपासा. उग्र अत्तर शिंपडलेली गाडी असेल तर काचा लावून दहा मिनिटे आत बसा; कुबट वास लपत नाही.

घरातल्या स्त्रियांना सोबत न्या. मागच्या आसनावर तिघे बसून बघा, लहान मुलाची खुर्ची बसते का पाहा. गाडीत बसायचे त्यांना आहे. शेवटी विक्रेत्याशी संबंध नसलेला मेकॅनिक घेऊन चढावर चालवा. क्लच घसरत असेल तर तिथे कळतो. मेकॅनिकची मजुरी वाया जात नाही.

पैसे आणि नाव

रक्कम बँकेतूनच द्या. आयकर कायद्याने एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो. शिवाय बँकेतून गेलेला पैसा हाच पुरावा असतो. काही रक्कम नावबदल होईपर्यंत राखून ठेवा आणि तसे लेखी करा.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याचाच राहतो. तो गाडीबरोबर येत नाही, हे हप्त्याच्या हिशेबात धरा.

विकणाऱ्या घरांसाठी

आपल्यापैकी काहीजण जुनी गाडी विकणारेही असतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की अपघाताच्या वेळी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे गेली होती. तरी भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावर आली. "मी तर केव्हाच विकली" हे उत्तर चालले नाही. डीलरकडे गाडी ठेवत असाल तर तो आरटीओकडे नोंदलेला आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून लागू नियमांनुसार अशा डीलरकडे गाडी सोपवल्याची सूचना आरटीओला दिली की तेवढ्या काळाची जबाबदारी त्याच्यावर जाते.

आणि गाडीतला ऐब सांगूनच विका. वस्तूतला दोष ग्राहकापासून झाकू नये ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. ठोकलेला दरवाजा, बदललेले मीटर, पुरात गेलेले इंजिन सांगितले तर किंमत थोडी कमी येईल. समोरच्या घरातही कुणाच्या तरी परदेशातल्या कमाईचाच पैसा असतो.